योगदंडाचं सासर

सोलापूरच्या माणसाला मातीचा माग काढायचा असेल तर त्यानं भीमेच्या काठाला लागावं आणि प्रवाहाच्या उलट चालत सुटावं. तुम्ही तसेच निघाला आहात. पंढरपूरची जागा मागे पडली, पण घाट दिसला नाही, कळस दिसला नाही. उजनीचा जलाशय आडवा आला नाही. ते धरण १९८० साली पुरं व्हायचं आहे आणि तुम्ही त्याच्या तीन हजार वर्षं आधीच्या पायवाटेवर आहात. पुढे घोड नदी भीमेला मिळते. तिच्या काठानं वर गेलात की मातीच्या बुटक्या भिंती आणि गवतानं शाकारलेली छपरं दिसू लागतात. हे इनामगाव. काळ इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपासचा.

इथली भाषा तुम्हाला कळत नाही, पण कुंभाराचं घर ओळखायला भाषा लागत नाही. अंगणात राखेचा ढीग, सावलीत झाकून ठेवलेला ओल्या मातीचा गोळा, उन्हात ओळीनं मांडलेली भांडी. चाकावर तोटीचं भांडं वर येतंय. शेजारी वाळलेल्या वाडग्यांवर कुणीतरी काळ्या रंगानं तिरप्या रेघा आणि जाळ्या काढतंय. गोल भट्टी आता निवली आहे. कुंभार त्यातला एक लालसर वाडगा उचलतो, बोटांवर तोलतो आणि नखानं टिचकी मारतो. धातूचं भांडं वाजावं तसा खणखणीत आवाज येतो. पुढे पुरातत्त्वाचे अभ्यासक या भांड्यांना नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावाचं नाव देतील आणि त्यांचं वर्णन करताना हा आवाज आवर्जून नोंदवतील.

संध्याकाळी पलीकडच्या घरातून रडण्याचा आवाज येतो. तान्हं मूल गेलं आहे. त्या घरचा माणूस कुंभाराच्या दारात येऊन उभा राहतो. कुंभार काही विचारत नाही. आतून राखाडी रंगाचे, हातानं घडवलेले दोन मोठे रांजण आणून देतो. रांजणांची तोंडं एकमेकांना जुळवून, त्यात मुलाला ठेवून, घराच्या जमिनीखालीच त्याला पुरतात. सोबत एक वाडगा आणि तोटीचं भांडं. तुम्ही हे मुकाट्यानं पाहता. ज्या हातांनी धान्याची कोठी केली, त्याच हातांनी मुलाची शेवटची जागाही करून ठेवली होती.

पाचशे वर्षं पुढे सरका. पाऊस ओसरला आहे. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आहेत. भांडी जाडीभरडी झाली आहेत, नक्षी हरवत चालली आहे. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला इनामगाव ओस पडतं. डेक्कन कॉलेजचे संशोधक १९६८ ते १९८३ या काळात ते उकरून काढतील, तेव्हा त्यांना कुंभाराचं घर सापडेल, भट्टी सापडेल, हजारो खापरं सापडतील. हात मात्र सापडणार नाहीत. एवढा देखणा हुन्नर याच नदीच्या खोऱ्यात एकदा बुडून गेलेला आहे, हे लक्षात ठेवून पुढे चला.

आता इसवी सनाचं पहिलं शतक. पैठणहून पूर्वेला दहा दिवस बैलगाडीत धक्के खात तुम्ही तेरणा नदीच्या काठावर तगर नगरीत उतरता. हे आपलं तेर, सोलापूरच्या उत्तरेला, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. दहा दिवसांचा हिशेब एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहून ठेवला आहे. तगरहून कापडाच्या गाड्या भडोचच्या बंदराकडे जातात, हेही त्यानंच टिपलं आहे. परत येणाऱ्या गाड्यांत रोमच्या दिशेकडचे उंच, निमुळते मद्यकुंभ असतात. इथला कुंभार ते हातात घेऊन फिरवून पाहतो, आत बोट घालून जाडी बघतो. परक्या कारागिराशी त्याची ओळख अशी भांड्यातून होते.

तगरात चाकाइतकंच साच्याचं काम चालतं. पांढऱ्या मऊ मातीचा पातळ थर एका साच्यात दाबायचा, दुसरा दुसऱ्यात, मग दोन्ही अर्धे भाग जोडून बाहुली पुरी करायची. पुढून चेहरा, मागून केसांची रचना. आत पोकळ, म्हणून हलकी. विटांचंही तसंच. त्या इतक्या सच्छिद्र भाजल्या जातात की पाण्यावर तरंगतात. तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचंच आहे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होतं, असं मानलं जातं. या बाहुल्या, मणी, खापरं पुढे तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून गोळा केली. आज गावात त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. काचेपलीकडच्या त्या बाहुल्यांवर बोटांचे ठसे शोधायला विसरू नका.

बारावं शतक. तुम्ही सोन्नलिगीत, म्हणजे सोलापुरात आहात. गावाबाहेर तळं खोदण्याचं काम चाललं आहे. शिवयोगी सिद्धरामांच्या शब्दावर माणसं पाट्या वाहतायत. कन्नड वचनं रचणारा हा योगी ध्यानाला बसतो त्यापेक्षा जास्त वेळ मातीत उभा असतो. तळ्याच्या गाळाकडे कुंभार वेगळ्याच नजरेनं बघतात. आपल्या भागातली काळी माती कपाशीला लाभते, कुंभाराला नाही. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि नुसती वापरली तर भांडं उन्हातच तडकतं. म्हणून तळ्या-ओढ्यांचा बारीक गाळ हवा. त्यात घोड्याची लीद, राख, चाळलेली वाळू मिसळावी लागते. लीद भट्टीत जळून जाते आणि मागे बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि माठातलं पाणी गार होतं.

पहाटे योग्याच्या झोपडीपुढचं अंगण रोज कुणीतरी सारवून जातं, रांगोळी काढून जातं. ती कुंभाराची मुलगी आहे. एक दिवस ती सिद्धरामांना म्हणते, लग्न करीन तर तुमच्याशीच. मी संसारी नाही, ते सांगतात. ती मागे हटत नाही. शेवटी योगी आपला योगदंड पुढे करतात: याच्याशी लग्न लाव. आणि ती लावते. संक्रांतीच्या दिवशी ती अग्नीत विलीन झाली, अशी श्रद्धा आहे.

ही कथा इतिहासाच्या कागदात शोधायची नाही. ती शहरानं कशी जपली ते बघायचं. याच मुलखात कन्नड परंपरेत आणखी एक कुंभार आहे, भालकीचा गुंडय्या. तो मडकी थापटताना जो ठेका धरी, त्यावर साक्षात शिव येऊन नाचला, असं सांगतात. मराठी आणि कन्नडच्या या सीमेवर लोकांनी देवाला कुंभारवाड्यातच गाठलेलं आहे.

शंभर-दीडशे वर्षं पुढे या आणि पुन्हा तेरला चला. तेराव्या शतकाची अखेर. गोरोबाकाका माती तुडवतायत. तुम्ही त्यांच्यासोबत चिखलात उतरून बघा. माती पायानं तुडवायची ती घोट्याखाली खडा लागायचा थांबेपर्यंत. बाहेरून आत, गोल फिरत, टाचेनं दाबत. तासाभरात पाय आपोआप चालू लागतात आणि मन मोकळं होतं. गोरोबांचं मन विठ्ठलापाशी गेलं आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं, ती कथा महाराष्ट्राला पाठ आहे. चिखलात उभं राहिलं की तिचा काटा निराळाच येतो. तंद्री लागल्याशिवाय हे काम होतच नाही.

मडकं चाकावर पुरं होत नाही. चाकावरून उतरतं ते जाड भिंतीचं, लहान अंगाचं. मग बायका-पुरुष मांडीवर घेऊन ते वाढवतात. आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापटणं मारायचं. एकेका ठोक्यानं भिंत पातळ होते, पोट गोल होतं, बूड मिटतं. ठोका जरा चुकला की भेग. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाई गोरोबांना म्हणाल्या, काका, यातली कोणती मडकी पक्की ते सांगा. काकांनी तेच थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. नामदेव तेवढे चिडले, आणि कच्चे ठरले. त्यानंतर ते विसोबा खेचरांकडे गेले. वारकरी या कथेत गुरूचं महत्त्व ऐकतात. तुम्ही त्यात कारागिराचा कानही ऐका. भाजलेलं मडकं वाजतं, कच्चं बद्द बोलतं, आणि कुंभाराच्या या परीक्षेवर संतांचा सबंध मेळा विश्वासला. चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला गोरोबांची पुण्यतिथी असते.

आता थेट १९१५ मध्ये उतरा. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ याच साली छापून आलं आहे. त्यात बारा बलुतेदारांत कुंभार आहे, आणि तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्याच्या दारात बसला आहात. मोठं जड चाक जमिनीत रोवलेल्या खुंटीवर बसवलेलं. कडेच्या खाचेत काठी घालून तो ते गरगरा फिरवतो, काठी बाजूला टाकतो आणि चाकाचा वेग उतरायच्या आत भांडं काढून घेतो. पुन्हा काठी, पुन्हा वेग. दिवस मावळेपर्यंत खांदे भरून येतात. कुंभारीण पणत्या आणि बोळकी हातानं करते, भांडी थापटते, आवा रचते, बाजारात विकायला जाते. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही, असा दंडक आहे.

तिला विचारा, वर्षभर काय काय लागतं गावाला? ती बोटं मोडू लागते.

“येळवशीला, म्हंजी वेळा अमावास्येला, आंबिलाचं बिंदगं. घरटी एक. शेतात न्यायचं, नवं पायजे. संक्रांतीला सुगडं. उन्हाळा लागला की माठ, रांजण, वाटसरूच्या पाणपोईला डेरा. आखाजीला पितरांची करा-केळी. बेंदराला मातीची बैलं. नवरात्रात घट. दिवाळीला पणत्या. लग्न निघालं की मांडवातली मडकी आमच्याकडनंच वाजतगाजत न्यायची. आन माणूस गेलं की इस्तवाचं गाडगं. त्येला पैसं कोण मागतंय?”

हे सगळं दर वेळी नवं लागतं. सणाचं भांडं वापरून झालं की विसर्जन, सुतकाचं भांडं फोडून टाकायचं, रोजचं भांडं चुलीवर तडकणारच. मडकं फुटतं म्हणून कुंभार टिकतो, ही गावगाड्याची जुनी रीत तुम्ही तिच्या अंगणात बसून समजून घेता. सुगी झाली की खळ्यावर त्याचं बलुतं मिळतं, ज्वारीच्या पेंढ्या, पाट्या. हे चित्र गोड मानून निघू नका. दुष्काळात खळंच रिकामं राहतं, तेव्हा बलुतेदाराची चूल सगळ्यात आधी विझते. मान पायरीपायरीनं वाटलेला असतो आणि कुंभाराची पायरी त्यानं निवडलेली नसते.

शिवाय काळ बदलू लागला आहे. सोलापुरात १८६० च्या सुमाराला रेल्वे आली, १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरणीकामगार रोख पगार घेतो आणि बोहारणीकडून जर्मनचं पातेलं घेतो. ते पडलं तर पोचा येतो, फुटत नाही. कुंभारीण ते हातात घेऊन न्याहाळते. तिच्या चेहऱ्यावरची काळजी बघा.

इथून एक लांब उडी मारा. साल १९१९, रशियातलं व्यात्का शहर. नदीपलीकडच्या दिमकोवो वस्तीत बर्फ साचलं आहे. एका लाकडी घरात आन्ना मेझरिना नावाची म्हातारी मातीची रंगीत खेळणी करते आहे: पाण्याच्या बादल्या वाहणाऱ्या बायका, शिंगांना सोनेरी वर्ख लावलेले मेंढे, फुंकर घातली की शीळ घालणारे पक्षी. व्यात्कात वसंतातल्या जत्रेला लहानथोर या शिट्ट्या वाजवत. तोपर्यंत वस्तीतली घरंच्या घरं हे काम करत होती. मग जत्रा ओसरली, साच्यातली प्लास्टरची स्वस्त खेळणी आली, आणि जुन्या पद्धतीनं हातानं घडवणारी जवळपास एकटी मेझरिनाच उरली. अलेक्सेई देन्शिन नावाचा चित्रकार तिच्याशेजारी बसून एकेक खेळणं कागदावर उतरवतो, त्याचं पुस्तक करतो, इतर कारागीर बायकांना पुन्हा कामाला बसवायची धडपड करतो. मेझरिना १९३८ साली वारली. पण तोवर हात दुसऱ्या हातांत उतरला होता, आणि दिमकोवोची खेळणी आज साऱ्या रशियात ओळखली जातात.

तिथल्या बर्फातून एक गोष्ट सोलापूरला घेऊन या. रशियन कुंभारणीचा धंदा मातीनं दगा दिला म्हणून गेला नव्हता. जत्रेला तिची गरज उरली नाही म्हणून गेला. आणि परत आला तो कुणीतरी शेजारी बसून शिकलं, आणि लोकांनी विकत घेतलं म्हणून.

१९७२. दुष्काळ. विहिरी तळाला गेल्या आहेत, रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गावंच्या गावं निघाली आहेत, कुंभारही. चाकाला लागेल एवढं पाणीच नाही. दुष्काळ संपतो तेव्हा काही चाकं पुन्हा उभी राहत नाहीत. पाठोपाठ प्लास्टिकची घागर येते, हलकी, रंगीत, बायकांच्या कमरेला सोपी. तिला दोष देता येत नाही. मैल-मैल पाणी वाहणाऱ्या बाईनं हलकं भांडं निवडलं. मग घरोघरी फ्रीज. कुंभारांची मुलं वीटभट्टीकडे, रिक्षाकडे, पुण्याकडे वळतात.

आता आजचा जानेवारी महिना. भोगीचा दिवस. तुम्ही सिद्धेश्वर मंदिराजवळ संमती कट्ट्यासमोरच्या गर्दीत आहात. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, आणि त्यांच्या डोक्यांवरून डुलत येणारे सात उंच नंदीध्वज. हीच त्या योगदंडाची प्रतीकं. सुगड्यांची पूजा होते. कुंभारांना मानाचा विडा दिला जातो. संमती वाचली जाते आणि दाही दिशांनी अक्षता उडतात. सिद्धरामांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागलं. संक्रांतीला होम मैदानावर कुंभारकन्येची प्रतिकृती, साडी-दागिने लेवून, अग्नीला दिली जाते. शहराचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजेच सिद्धराम, कुंभारवाड्याचा जावई आहे आणि सोलापूर दर वर्षी ही सोयरीक नव्यानं जोडतं. महाराष्ट्रात कुठल्या कारागिराला शहरानं एवढा मान दिलेला मला ठाऊक नाही.

म्हणूनच गर्दीतून बाहेर पडून कुंभाराच्या दारी चला. बाहेर रस्त्यावर सुगडं, पणत्या, माठ मांडले आहेत. आत चाक आहे, पण काठीचं नाही. बटण दाबलं की फिरतं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण योजनेत अशी विजेची चाकं आणि माती मळायची यंत्रं देशभर वाटली. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींत कुंभारकाम आहे: प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. महाराष्ट्रात हा विचार त्याही आधीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गांधीविचारातून ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारांना नव्या घाटाची भांडी, नवी भट्टी शिकवली.

विजेच्या चाकामुळे खांदे वाचले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुना दंडक सैल झाला. काठीनं जड चाक फिरवायची सक्ती गेली, तेव्हा मुलींना चाकापासून लांब ठेवायला कारणच उरलं नाही.

पण यंत्र गिऱ्हाईक आणून देत नाही. दिवसाला दुप्पट माठ निघाले आणि घेणारे तेवढेच राहिले तर घरात नुसता ढीग साचतो. दुसरी अडचण मातीची. तळी बुजली, ओढ्यांकाठची जमीन विकली गेली, गाळ काढला की तो कुणाच्या शेतात जायचा याची भांडणं होतात. तिसरी आव्याची. शहरातल्या दाटीत धूर कुठे सोडायचा? शेजारी तक्रार करतात, आणि त्यांचंही चुकत नाही. कमी धुराची बांधीव भट्टी आणि वस्तीबाहेर सामायिक जागा, एवढं मिळालं तरी पुष्कळ कुंभार पुन्हा बारा महिने काम करतील.

दुकानातली म्हातारी तुमच्यापुढे एक माठ ठेवते.

“नुसतं बघू नगा. वाजवून घ्या.”

तुम्ही बोटाच्या पेरानं टकटक करता. माठ खणखणीत बोलतो. किंमत विचारा आणि घासाघीस न करता द्या. या किमतीत तळ्याचा गाळ आहे, लीद आहे, तुडवलेले तास आहेत, आव्यात तडकून गेलेल्या भांड्यांचा तोटाही आहे. मग तिला सांगा, की येत्या येळवशीला बिंदगं इथूनच नेणार, उन्हाळ्यात सोसायटीच्या पाणपोईला चार माठ लागतील, घरच्या लग्नातली मडकी तुमच्याकडूनच वाजतगाजत नेऊ. ऑर्डर आधी मिळाली की कुंभार माती आधी आणतो, आणि मुलाला पुण्याला पाठवायच्या आधी एकदा थांबून विचार करतो.

सासरशी नातं लग्नाच्या दिवशी जुळतं, पण टिकतं ते वर्षभराच्या येण्याजाण्यावर आणि देण्याघेण्यावर. सोलापूरनं योगदंडाचं लग्न आठशेहून अधिक वर्षांच्या श्रद्धेनं जपलं आहे. आता ग्रामसभेत कुंभाराच्या गाळाचा हक्क मांडायचा, महापालिकेकडे त्याच्या भट्टीसाठी जागा मागायची आणि घरात फुटलेल्या माठाच्या जागी माठच आणायचा, एवढं आपल्या हातात आहे. ते आपण केलं, तर पुढच्या पिढ्यांना सोलापूरचा कुंभार शोधायला जमीन उकरावी लागणार नाही.